दोरीचं वरचं टोक

त्याला सगळे ठोंब्या म्हणायचे. हे नाव थोरल्या भावानं ठेवलेलं, लहानपणीच, आणि ते असं काही चिकटलं की पुढे आईलासुद्धा खरं नाव आठवायला जरा वेळ लागायचा. अंगानं आडवा, बोलायला कमी, आणि एका जागी उभा केला की उभाच. एकदा बाजारात आई म्हणाली, "इथं पिशवीपाशी थांब हं," आणि दोन दुकानं फिरून तशीच मैत्रिणीकडे चहाला गेली. गप्पांत विसरली बाई. मधे पावसाची मोठी सर येऊन गेली. आठवलं तशी धावत सुटली, तर हा तिथंच, चिंब भिजलेला.

"अरे मेल्या, आडोशाला तरी जायचंस!"

तर म्हणतो कसा, "पिशवी नाही भिजली. मी वरून वाकलो होतो."

असा तो.

थोरला अगदी उलट टोकाचा. पायाला भिंगरी, तोंडाचा पट्टा कायम चालू, आणि दिसायला असा की आरशालाही बरं वाटावं. बंदराकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं फोटोचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे एक अरुंद लाकडी जिना. दुकानात एक स्टूल, मागे निळा पडदा. येणाऱ्याला बसवायचं, मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, हलू नका, झालं. वडिलांनी जन्मभर तेच केलं. थोरल्याला ते चार दिवसांत विटलं. तो म्हणायचा, "माणसं फोटो काढताना खोटं तोंड करतात. जनावरं करत नाहीत."

बंदरातून दरवर्षी एक जहाज वर, बर्फाच्या समुद्राकडे जायचं. त्यावर अभ्यास करणारी माणसं असायची. थोरला त्यांच्या मागे लागून लागून एकदाचा चढला. परत आला तो पांढरी अस्वलं, देवमासे, कड्यावर ओळीनं बसलेले पक्षी असं सगळं घेऊन. लोकांनी वाहवा केली, मासिकात छापलं. पण ह्याचं समाधान होईल तर शपथ. म्हणाला, "वरून काय, कुणीही काढेल. मला खालून काढायचेत."

खालून म्हणजे बर्फाच्या खालून. तिकडे समुद्रच गोठतो. वर इतका जाड थर की त्यावर माणसं चालतात, सामानाच्या गाड्या ओढतात, तंबू ठोकतात. आणि त्याच्या खाली काळंहिरवं पाणी, त्यात जनावरं. सील म्हणून एक असतं, गुबगुबीत, मिशीवालं, डोळे असे की आत्ता रडतंय की मग. ते पाण्यात राहतं पण श्वास आपल्यासारखा हवेतला घेतं. म्हणून नखांनी, दातांनी बर्फ कुरतडून कुरतडून एक भोक ठेवतं, आपलं डोकं वर निघेल एवढंच. गोठायला लागलं की पुन्हा कुरतडायचं. सगळा जीव त्या भोकावर.

आता माणसाला तिथं उतरायचं तर करवतीनं बर्फ कापून खड्डा करायचा, पाठीवर हवेची टाकी बांधायची, आणि कमरेला दोरी. दोरीचं वरचं टोक कुणाच्या तरी हातात. कारण खाली वाट चुकली की डोक्यावर नुसतं छप्परच छप्पर, बाहेर यायला तोच एक खड्डा. वरच्यानं दुसरं काही करायचं नाही. बसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. नजर दोरीवर, हात दोरीवर.

"असा माणूस आणायचा कुठून?" जहाजाच्या कप्तानानं विचारलं.

थोरला हसला. "आमच्या घरात एक फुकट पडलाय."

ठोंब्या तेव्हा धक्क्यावर नावा बांधायच्या कामाला होता. गाठी मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते काम सोडून तो निघाला. दादानं बोलावलं, झालं, एवढंच.

निघायच्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. लोकरीचे मोजे गुंडाळून गुंडाळून पिशवीत कोंबत होती. थोरला खाली कुणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगत होता, लहानगी पोर त्याच्या खांद्यावर. वहिनीनं पिशवीचा बंद ओढला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, ह्यांना नेताय तसे परत आणा. फोटो नाही आला तरी चालेल मला."

"आणतो."

"ह्यांचा भरवसा नाही हो. तुमचा आहे."

"आणतो म्हटलं ना वहिनी."

ठोंब्या एकदा हो म्हणाला की त्या घरात पुन्हा कुणी विचारत नसे.

सुरुवातीची वर्षं छान गेली. दोघांचा नियम ठरलेला. थोड्या थोड्या वेळानं वरून एक झटका द्यायचा, खालून एक झटका यायचा. म्हणजे सगळं ठीक. नाही आला तर पुन्हा एक द्यायचा. तरी नाही आला तर विचार करत बसायचं नाही, ओढून काढायचं. ठोंब्या तासन् तास तसा उभा. मिशीवर श्वासाचं बर्फ, भुवयांवर बर्फ. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या थंडीनं मरू नयेत म्हणून त्याच्या काखेत. जहाजावरचा स्वयंपाकी त्याला बघून म्हणायचा, "कोंबडी बसली रे अंड्यावर! पिल्लं कधी निघणार?" ठोंब्या हसायचासुद्धा दोरीकडे बघून.

थोरल्याच्या डोक्यात एकच फोटो होता. सील आपलं पिल्लू पहिल्यांदा पाण्यात नेते ना, तेव्हा त्याला भोक सापडत नाही. बिचारं घाबरतं, बर्फाला धडका देतं. मग आई खालून येते आणि नाकानं त्याला ढकलत ढकलत भोकापर्यंत नेते, आधी त्याला श्वास घेऊ देते, मग आपण घेते. हे कुणी बघितलेलं नाही असं नाही, पण खालून, एवढ्या जवळून, कुणाला मिळालं नव्हतं. थोरला बरेच हंगाम त्यासाठी उतरत होता. घरी जेवतानासुद्धा भाकर मोडता मोडता थांबायचा आणि म्हणायचा, "उजेड वरून येईल, असा. आणि ती खालून, अशी." वहिनी म्हणायची, "आधी घास घ्या तोंडात."

आणि एका वर्षी ते खरंच समोर आलं. आई, पिल्लू, वरून भोकातला उजेड, सगळं. थोरल्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर. नेमका तेव्हाच वरून झटका आला. ह्यानं उत्तर दिलं नाही. दुसरा आला. नाही दिलं. वर ठोंब्यानं पाय रोवून जी दोरी ओढली, ती हातावर हात टाकत थेट खड्ड्याच्या काठापर्यंत. थोरला पोत्यासारखा बाहेर पडला. तोंडातली नळी काढली आणि ओरडला तो सगळ्या बर्फावर ऐकू जाईल असा.

"मेलो होतो का मी? मेलो होतो का?"

"दोन झटके दिले दादा. उत्तर नाही आलं."

"हात कुठे होता मला! बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, आणि मी उलटा, पाय वर! ती पळाली, पिल्लू राहिलं, पाणी ढवळलं! दोरी धरतोस का माझं शेपूट धरतोस रे?"

तंबूतनं सगळे बाहेर आलेले. कुणीतरी हसलं. स्वयंपाकी म्हणाला, "आयाबाई आहे हो ती. बाळ फार वेळ पाण्यात राहिलं, सर्दी होईल." झालं. त्या दिवसापासून आयाबाई.

हे सगळं घरीही आलं. घरी पाहुणे आले की थोरला सांगायचा, "हा माझा भाऊ. मला आंघोळ घालायला बर्फावर येतो." सगळे हसायचे, ठोंब्याही हसायचा, ताटाकडे बघून. एकदा जेवणं झाल्यावर तो भांडी उचलून मोरीपाशी गेला, तर वहिनी पाठमोरी उभी राहूनच पुटपुटली, "बरं केलंत ओढलंत ते." एवढंच. पण ते त्याला वर्षभर पुरलं.

पुढल्या हंगामात जहाजावर थोरल्यानं त्याला बाजूला घेतलं. "हे बघ ठोंब्या, आता झटकेबिटके बंद. दोरी ताणलेली आहे तोवर मी आहे. सैल पडली तर ओढ. ताणलेली असताना ओढलीस, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस आणतो."

"पण दादा, मला कळणार कसं?"

"दोरी सांगेल तुला."

ठोंब्या कठड्याला टेकला. त्याला हे पटलेलं नव्हतं. पण त्याच्या मनात आलं, दुसरा माणूस आला तर तो चहाला जाईल. कुणाशी बोलत बसेल. मान वळवेल. त्यापेक्षा आपण बरे. म्हणून तो "बरं" म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं, हे आत्ता कुणीही सांगेल.

त्याच रात्री, रात्र म्हणायची नुसती, तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, थोरला त्याच्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "तुझी ती गाठ दाखव रे. ती न सरकणारी. हातमोजा घालून एका हातानं मारतोस ना, ती."

ठोंब्याचा चेहरा असा खुलला! वर्षभर नुसती टिंगल ऐकलेली, आणि आज दादा आपल्याकडे शिकायला आलाय. पलंगाच्या दांडीला दोरी टाकून त्यानं शिकवलं. इथनं आत, असं मागून, पुन्हा आत, आता ओढ. थोरल्याला पटकन जमेना. ठोंब्यानं त्याचा हात धरून फिरवला, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात तसा. "आली, आली!" थोरला म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. "ठोंब्या, तू काही अगदीच हा नाहीस." कशाला हवी ही गाठ, हे विचारायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो आनंदात होता.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. वारा नाही, ढग नाही, सगळं पांढरं फटक. खड्ड्याशी ठोंब्या, त्याच्या पाठीमागे सामानाची घसरगाडी, आणि गाडीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पिल्लू असलेल्या एका सीलचं भोक. थोरला उतरला. उतरताना डोळा मारला. दोरी सरसर गेली, थांबली, पुन्हा थोडी गेली आणि ताणली.

नेहमी दोरीला बारीक थरथर असायची. खाली माणूस हलतो, पाय मारतो, ते हाताला कळतं. त्या दिवशी ती अगदी निवांत होती. ठोंब्याला वाटलं, दादा दबा धरून बसलाय. चांगलंय. त्याला खरंच बरं वाटलं.

स्वयंपाकी तंबूच्या बाजूनं चहा घेऊन आला. "घे आयाबाई."

"खाली ठेव."

"गार होईल."

"होऊ दे."

तो परत गेला. चहा पेल्यातच गोठला. दोरी तशीच. ठोंब्याची नजर दोरीवर, हात दोरीवर, जसं शिकवलं होतं तसं.

मग हवेची वेळ संपत आली. त्यानं जरासं ओढून पाहिलं. दोरी येईना. त्याला वाटलं, हा हटवादी माणूस, धरून ठेवतोय. तो खड्ड्यावर वाकला आणि पाण्यात बघून म्हणाला, "दादा, पुरे आता! वहिनींना काय सांगू, जेवायला येत नाही म्हणून?" आणि आपल्याच बोलण्यावर थोडा हसला. पुन्हा ओढली. नाही आली. मग त्यानं टाच रोवली आणि अंगात होतं तेवढं सगळं लावलं. दोरी बोटभरही सरकली नाही. माणूस कितीही जड असो, कितीही हट्टी असो, थोडा तरी सरकतो. ही भिंतीसारखी होती.

तेव्हा तो ओरडला. तंबूतला दुसरा पाणबुड्या मोजे वाळवत बसला होता, तो तसाच पळत आला. सगळे आले. स्वयंपाकी गाडीच्या पलीकडून धावत येत होता, तो मधेच थबकला. त्यानं बोट दाखवलं.

सीलच्या भोकातून एक हात वर आला होता. लाल हातमोजा, कोपरापर्यंत. ताठ. त्यावर पांढरं धरलेलं.

थोरल्यानं बर्फाच्या छपरात लोखंडी आट्यांची एक खुंटी फिरवून बसवली होती, आणि कमरेची दोरी सोडून तिला बांधली होती. म्हणजे वर ताण राहील, ठोंब्या ओढणार नाही, आणि आपण मोकळे होऊन सीलपर्यंत जाऊ. गेलाही. मग तोंडातल्या नळीचं यंत्र गोठलं. तिकडे होतं असं, हवा भसाभस निघून जाते आणि टाकी रिकामी. खड्डा लांब होता, सीलचं भोक डोक्यावर होतं. तो तिकडे गेला. भोक सीलच्या डोक्याएवढं. टाकीसकट माणूस त्यातून कसा येईल? हात आला. किती वेळ हलवला असेल, कुणाला माहीत. ठोंब्या पाठ करून उभा होता, दोरी घट्ट धरून.

करवतीनं भोक मोठं करून त्याला काढलं. कॅमेरा पट्ट्यानं अंगालाच अडकलेला. त्यानंतर ती सील त्या भोकाकडे फिरकली नाही. पिल्लू थोडं लांब बर्फावर पडून हाका मारत राहिलं, आणि माणसं सामान बांधत राहिली.

पाणबुड्यानं खाली जाऊन खुंटी काढून आणली, दोरीसकट. ठोंब्याच्या हातात दिली. ठोंब्यानं गाठ उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"बरोबर मारलीय," तो म्हणाला.

घरी जिन्याच्या वरच्या पायरीवर वहिनी उभी होती. बातमी आधीच आली होती. तिनं बाकी काही विचारलं नाही. दिवस झाले, माणसं येऊन गेली, पोर शाळेत जायला लागली. मग एका दुपारी, वाटाणे सोलताना, खाली बघूनच तिनं विचारलं, "ओढलं का नाही भाऊजी?"

"ताणलेली होती."

"मग?"

मग त्यानं सगळं सांगितलं. नवा नियम सांगितला.

"आणि तुम्ही बरं म्हणालात."

"हो."

वहिनीनं हातातली शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले, टरफल बाजूला टाकलं. दुसरी घेतली. पुढे त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही, जन्मात नाही. दोन शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर त्याला कुठेतरी जाता आलं असतं. तिनं रोज ताट वाढलं. भाऊजी, अजून घ्या. भाऊजी, पुरे का?

आणि फोटो आला होता बरं का. मिळाला होता थोरल्याला. आई, पिल्लू, वरून उजेड, अगदी जेवताना हातानं दाखवायचा तसा. एका मोठ्या इमारतीत तो लावला, माणसं रांग लावून बघायची. वहिनीला बोलावलं होतं, ती पोरीचा हात धरून गेली. एक बाई म्हणाली, "केवढ्या जवळून काढलाय!" वहिनी म्हणाली, "हो, जवळून." त्यांनी एक मोठी चौकट घरी पाठवली. ती कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून.

एकदा घरात कुणी नसताना ठोंब्यानं ती ओढून बाहेर काढली. आख्ख्या जगानं पिल्लू बघितलं, त्यानं कोपरा बघितला. मागे, अंधुक, बर्फाच्या छपरातली खुंटी दिसत होती, आणि तिथून एक बारीक रेघ लांब, एका फिकट उजेडाच्या ठिपक्याकडे गेलेली. तो ठिपका म्हणजे खड्डा. त्या ठिपक्यात वर तो उभा होता. रेघ अगदी सरळ होती, मधे कुठे झोळ नाही. त्यानं चौकट होती तशी परत सरकवली.

तो पुन्हा जहाजावर गेला नाही. नावा बांधायलाही गेला नाही. गोदामाच्या फाटकावर राखणीला बसतो. आणि त्याला एक खोड लागली, चालता चालता वळून मागे बघायची. चार पावलं टाकली की वळणार, बघणार, पुन्हा पुढे. रस्त्यावरची पोरं त्याच्यामागून तशीच चालतात आणि वळतात. दुकानदार विचारतात, "काय रे ठोंब्या, काय पडलं का?" तो म्हणतो, "नाही, काही नाही." आणि वळतो.

परवा मागल्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी तुटली. थोरल्याची पोर आता कामाला जाते, उंच झाली आहे, पण गाठ तिला येत नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढी बांधून देता?" कितीतरी वर्षांनी त्यानं दोरी हातात घेतली. एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं खांबाला. पोर ओले कपडे टाकत गेली, चादरी, टॉवेल, सगळं. टाकून झालं, बादली रिकामी झाली, तरी हा खांबापाशी दोरी धरून उभा. पोरीनं आईकडे बघितलं.

वहिनी जवळ आली. तिचेही केस आता पांढरे झालेत.

"भाऊजी, गाठ बसलीय. सोडा आता."

त्यानं दोरीकडे बघितलं. ती ताणलेली होती. मग वळून मागे बघितलं. मागे भिंत होती, भिंतीला टेकून ठेवलेली बादली होती.

"सोडा हो," वहिनी म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. ती पोरीला घेऊन आत गेली, आणि आतून ताटं मांडल्याचा आवाज यायला लागला.